जुळीचा चौथा पट्टा

बोटींच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर एक लांबच लांब खोली होती. तिच्यात टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. होती ती नुसती लाकडी जमीन, घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि त्या जमिनीत मधोमध कमरेइतका एक खड्डा. खड्ड्यात शिलाईचं मशीन आणि मशीनमागे एक बाई. शीड शिवायचं म्हणजे चाळीस-चाळीस फूट कापड जमिनीवर पसरायचं. ते उचलून टेबलावर कोण घेणार? म्हणून मशीनच खाली उतरवलेलं. कापड जमिनीवरून सरळ सुईखाली सरकायचं. खोलीत येणाऱ्याला बाईचं डोकं नि खांदे तेवढे दिसत, आणि बाईला येणाऱ्याची पावलं. चपला दाराबाहेर काढून आत यायचं, हा तिथला नियम. खडा एक जरी आत आला तरी कापडाला भोक. एकतीस वर्षं तिनं जगाचे घोटे, टाचा आणि न कापलेली नखं पाहिली होती, आणि तिचं म्हणणं असं, की माणसाला तोंडानं जेवढं खोटं बोलता येतं तेवढं पायांनी येत नाही.

तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या. त्यामुळे ती ओठ न उघडता बोलायची, आणि जे बोलायची तेही टोचेल असंच. कारखान्यानं तिचं नाव 'टाचणी' ठेवलं होतं. तोंडावर अर्थातच सगळे 'मावशी' म्हणत.

सत्ताविसाव्या वर्षी ती इथं आली ती शिडांच्या पिशव्या शिवायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या शिडवाल्यानं तिचा हात बघितला आणि तिला वारा शिकवला. कापडाचे पट्टे जोडताना शिवण किंचित बाकदार घेतली की शिडाला पोट येतं; ते पोट किती ठेवायचं, यात सगळी विद्या. जड, संथ बोटीला पोटाळं शीड लागतं, वारा पोटात धरून तिला ओढायला. हलकी, पळणारी बोट मात्र वाऱ्यातून अशी जाते की तिला वारा कायम समोरूनच लागतो, स्कूटरवर बसल्यासारखा. तिला सपाट शीड. पळणाऱ्या बोटीला पोटाळं शीड घातलं तर ते फडफडतं, आणि रांगणाऱ्या बोटीला सपाट घातलं तर ते नुसतं उभं राहतं, पाहुण्यासारखं.

कारखान्याचे मालक साधे गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी एका धडाच्या बोटी बांधल्या होत्या, बेताच्या वेगाच्या, तळाशी शिसं भरलेल्या. शिसं नसेल तर वाऱ्यानं बोट आडवी होते, म्हणून तिच्या पोटात ओझं घालायचं आणि मग ते ओझं जन्मभर ओढायचं, असा तो धंदा. मालकांना एकच मुलगी. तिचं लग्न झालं आणि कारखान्याला जावई मिळाला.

जावई वेगवान बोटींच्या आरेखनाचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम करून आला होता. येताना त्यानं एक लॅपटॉप, एक टोकदार बुटांचा जोड आणि 'भविष्य' हा शब्द आणला. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना अंगणात उभं करून भाषण दिलं. एका धडाची बोट पळायला लागली की नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठते, आणि ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत बसते. कितीही वारा द्या, एका वेगापुढे जात नाही. त्याऐवजी दोन लांब, अरुंद धडं घ्या, मध्ये अंतर सोडा, वर पूल टाका. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती पडत नाही, म्हणून शिसं नको. शिसं नाही म्हणून हलकी. अरुंद म्हणून लाट उठवत नाही, पाणी कापत जाते.

"जाड सुई कापडात अडते, बारीक सुई जाते," मागून टाचणी म्हणाली. "एवढंच ना?"

"साधारण तसंच," जावई म्हणाला. त्याच्या वीस मिनिटांच्या भाषणाचं कुणी एका ओळीत सार काढलेलं त्याला आवडलं नाही. ते तो विसरलाही नाही.

पण गणित त्याचं चोख होतं, हे टाचणीनंही मान्य केलं. अडतीस फुटांची ती बोट कागदावर कॅटमरान होती; कारखान्यात सगळे तिला 'जुळी' म्हणू लागले. ताशी सोळा सागरी मैल जाईल असं जावयानं लिहून दिलं, आणि त्या वेगासाठी टाचणीनं कांद्याच्या पापुद्र्यासारखं सपाट शीड कापलं. सहा आठवडे ती गुडघ्यांवर रांगत होती. इतकं नेटकं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असं तिनं नवऱ्याला घरी सांगितलंसुद्धा. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. तो म्हणाला, "हे तू प्रत्येक शिडाला म्हणतेस."

जुळी घेतली होती दातांच्या डॉक्टरांनी. डॉक्टरांना वेग हवा होता. निदान दवाखान्यात, पेशंटचं तोंड उघडं असताना, ते वेगाबद्दलच बोलत. पण बोट पाण्यात उतरल्यावर डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई ती बघायला आले आणि म्हणाले, जागा किती आहे हो! दोन धडांच्या बोटीची हीच गंमत. पुलावर दिवाणखाना मावतो, आणि दिवाणखाना दिसला की माणसाला सोफा आठवतो.

सोफा आला. सोफ्यासमोर संगमरवरी टेबल आलं. जावयानं एकदाच "वजन..." असं म्हणून पाहिलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका टेबलानं काय होतंय?" आणि तो हसला. पुढे एका फ्रिजनं काय होतंय, सागवानी दारांनी काय होतंय, असं होत होत गरम होतं म्हणून एसी आला, एसीसाठी जनरेटर, आंघोळीला पाणी पुरावं म्हणून दुप्पट मोठी टाकी. व्यायामाची सायकल आली. चौघांच्या बोटीवर बारा जणांचा डिनर सेट आला. जावई प्रत्येक वेळी हसला. सासरी पाऊल ठेवल्यापासून त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं; तो शब्द त्यानं शिकायचा तरी कुणाकडून? आणि मालक तर जावयासमोर खोकायचे तेसुद्धा परवानगी मागितल्यासारखे.

चाचणीचा दिवस आला. वारा हवा तसा होता. किनाऱ्यावर चहा-बिस्किटं मांडलेली, डॉक्टरांचे चार स्नेही डोळ्यांना दुर्बिणी लावून उभे. जुळी निघाली आणि ताशी सहा मैलांवर जाऊन थांबली. थांबली म्हणजे चालत राहिली, पण तिच्याकडे बघून तसं वाटत नव्हतं. पुलाखालचं अंतर इतकं कमी उरलं होतं की प्रत्येक लाट खालून थप्पड मारी आणि आत बारा जणांचा डिनर सेट खणखणे. अर्ध्या तासानं बंदरातली गाळ काढणारी बोट बाजूनं पुढे गेली. तिच्यावरच्या माणसानं सहज हात हलवला. तो हात डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागला.

धक्क्यावर उतरताच त्यांनी विचारलं, "हे काय?"

जावयानं वर बघितलं. वर शीड होतं. "शीड," तो म्हणाला. "शीड चुकलंय. वारा धरतच नाही."

खापर असं चाळीस फूट उंचावर जाऊन फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यातून टाचणीला बूट दिसले. पायात घातलेले, टोकदार, थेट तिच्या जमिनीवर. त्यांच्यामागून मोजायची फीत सरपटत आली.

"बूट," टाचण्यांमधून ती म्हणाली.

"दोनच मिनिटं, मावशी." बूट भिंतीपर्यंत गेले, वळले. "अठरा बाय साठ. छान आहे. असं ठरतंय, की शिडं आता तयार मागवायची. मशीननं कापलेली, चूक नाही, वाद नाही. सोमवारी ऑर्डर जाईल. इथे आरेखनाचं ऑफिस करू. हा खड्डा बुजवून टाकू."

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा ना! एकतीस वर्षं झाली."

"ठरतंय म्हणजे कोण ठरवतंय?"

"सगळ्यांचंच मत पडलं," असं म्हणून बूट गेले. जमिनीवर वाळूचे कण पडले होते. ते तिनं ओल्या फडक्यानं दोनदा टिपले.

खोली गेली तर तिला उपाशी राहावं लागणार नव्हतं. नवऱ्याचं पेन्शन होतं. पण एकतीस वर्षांनी "तिचं शीड चुकलं म्हणून काढली" असं बंदरात बोललं जाणार, आणि त्यातही चुकलेलं शीड कुठलं, तर हे! ते तिला गिळवेना.

संध्याकाळी चहा घेताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि ड्रायव्हरचा प्रश्न विचारला.

"किती जण होते?"

"चौघं."

"सामान?"

"घरभर."

"मग? साठ माणसं भरली की आमची बस चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जायची नाही. मागचं चाक पत्र्याला घासायचं. इंजिनाला शिव्या द्यायचे लोक. इंजिन काय करणार बिचारं?"

"बसचं खाली बसलेलं दिसतं हो. बोट पाण्यात किती बसली ते कसं दिसणार? लाल पट्टा तर पाण्याच्या वरच आहे, मी स्वतः बघितला."

बोटीच्या अंगावर पाण्याला लागून एक लाल पट्टा काढतात. खाली निळा रंग, वर पांढरा, मध्ये बोटभर लाल. बोट हवी तेवढीच बुडली असली की पट्टा पाण्याच्या जरा वर दिसतो. जुळीचा पट्टा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यासमोर रंगाऱ्याची पावलं आली. डाव्या अंगठ्यावर लाल ठिपका.

"मावशी, जुनं कापड द्या थोडं. पट्ट्याच्या कडा झाकायला."

"परवाच नेलंस की! कितवी बोट ही?"

"बोट कुठली, तीच ती जुळी. चौथ्यांदा रंगवतोय. दर खेपेला क्रेननं उचलायची, जुना लाल निळ्यानं झाकायचा, दोन बोटं वर नवा लाल काढायचा. आता डॉक्टरांची समजूत घालायला साहेबांनी कपडे धुवायचं मशीन बक्षीस दिलंय ना, त्यानं पट्टा परत पाण्याखाली गेला. साहेब म्हणाले, पट्टा बुडालेला बरा दिसत नाही, वर घे."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. ही गोष्ट फार क्वचित घडत असे. रंगारी दोन पावलं मागे सरकला.

"म्हणजे बोट बुडत गेली, आणि तुम्ही पट्टा वर चढवत गेलात?"

"मी नाही, साहेबांनी सांगितलं. नकाशातसुद्धा त्यांनी रेघ खोडून वर काढलीय. मी आपला हुकमाचा ताबेदार. पण मावशी, आतली गोष्ट सांगू? निळ्याचा एकच हात मारलाय. जुना लाल खालून डोकावतोच."

"डोकावू दे," टाचणी म्हणाली आणि खड्ड्यातून बाहेर आली.

मालकांच्या खोलीत ती वर्षातून एकदा, दिनदर्शिका आणायला जाई. त्यामुळे ती दारात दिसताच मालक उठून उभे राहिले.

"बसा, मालक. एकच विचारते. घरात लहान लेकरू ताप काढत असेल, तर ताप उतरवायचा का थर्मामीटरवरचे आकडे खोडायचे?"

मालकांना काही समजेना. मग तिनं चारही पट्ट्यांची हकिकत सांगितली. ते ऐकत गेले तसे पुन्हा जुने कारागीर झाले. बोटं टेबलावर आपोआप मापं घेऊ लागली.

"दोन, दोन आणि दोन. सहा बोटं," ते पुटपुटले. "अहो, दीड-दोन टन होतात हे! बारीक सुईची सुतळीची दाभण केली की."

"आपण शिसं काढलं आणि सोफा भरला, मालक. माझं एवढंच म्हणणं, बोट एकदा पहिल्या पट्ट्यावर आणा आणि मग पळवा. तेव्हाही शीड चुकलं असेल, तर सोमवारी मशीन मी स्वतः खड्ड्यातून काढून देते."

"बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर आहे." मालकांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण जावईबापूंना कसं सांगायचं? वाईट वाटेल हो त्यांना."

"बोट तळाला जाईल तेव्हा त्यांना बरं वाटणार आहे का?"

मालकांनी चष्मा पुसला. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. म्हणू, चौथा पट्टा नीट वाळायचा तर बोट रिकामी लागते. रंगाचा नियमच आहे."

"असा नियम आहे?"

"आजपासून आहे."

रंगाचा नियम कुणी अमान्य केला नाही. शुक्रवारी दिवसभर धक्क्यावर संसार उतरत होता. चौघांनी उचललेला सोफा, आठ जणांनी उचललेलं टेबल. व्यायामाच्या सायकलवर कुणी एकदाही बसलं नव्हतं. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद तसाच. टाकी उपसली तेव्हा पाऊण तास पाणीच वाहत होतं. दारं बिजागऱ्यांवरून काढली. धक्क्यावरून जाणारे-येणारे विचारत, "डॉक्टर घर बदलतायत का?"

आणि जुळी वर येत होती. संध्याकाळी चौथ्या पट्ट्याखाली निळा रंग दिसला, त्यात लाल झाक. मग दुसरी. अखेरीला तिसरी, सगळ्यांत जुनी, पाण्याच्या बोटभर वर. शाळेतल्या पाटीवरची न पुसलेली गणितं दिसावीत तशा तीन रेघा. मालक धक्क्यावर उकिडवे बसून त्यांच्याकडे बघत होते. शेजारी जावई येऊन उभा राहिला. दोघांनी मान वळवली नाही.

"वारा चांगला आहे," मालक पाण्याला उद्देशून म्हणाले. "सकाळी एक फेरी मारू. रंग वाळायला बरं."

शनिवारी सकाळी जुळीवर सुकाणूपाशी जावई, मागे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, आणि डोलकाठीजवळ फुगीर जाकीट घातलेली टाचणी. बोटीवर बसायची तिची आयुष्यातली ही तिसरी वेळ. जावई तिला हात देताना म्हणाला, "मावशी, तुमचं वजन धरलंय का गणितात?"

"तुमच्या लॅपटॉपएवढंच आहे. तो घरी ठेवा."

लॅपटॉप धक्क्यावर राहिला.

शीड वर गेलं. पहिल्यांदा ते फडफडलं आणि टाचणीनं डोलकाठी घट्ट धरली. मग दोर ओढला गेला, कापड ताठ झालं, एक सुरकुती नाही; आणि जुळी काही न बोलता निघाली. थप्पड नाही, खणखण नाही. पायाखाली कापड फाडल्यासारखा बारीक आवाज फक्त. सहा, नऊ, बारा. बंदराचा खांब मागे गेला. चौदा. वाऱ्याकडचं धड पाण्यातून जरा उचललं गेलं, आणि गाळ काढणारी बोट समोरची बाजूला आणि बाजूची मागे कधी गेली ते कळलं नाही. तिच्यावरच्या माणसानं हात वर केला होता, पण हलवायचा राहून गेला.

"सोळा!" जावई ओरडला. "सोळा पूर्णांक चार! मावशी, सोळा!" त्याच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली होती.

"थांबवा!" डॉक्टर किंचाळले. त्यांनी दोन्ही हातांनी डोलकाठीच्या तारेला मिठी मारली होती. "थांबवा म्हणतो ना! मला उतरायचंय!"

"इश्श, आत्ता तर मजा येतीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खुर्चीवर निजलेल्या पेशंटला 'काही होत नाही' म्हणणारा हा माणूस डोळे मिटून काय काय पुटपुटत होता, ते टाचणीला जवळून ऐकू येत होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला, आणि दोन्ही मुलींना.

किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांनी दोन ग्लास पाणी घेतलं, चष्म्यावरचं मीठ पुसलं आणि स्नेह्यांना उद्देशून म्हणाले, "बघितलात वेग? सोळा! ही चीजच वेगळी आहे." मग जावयाला कोपऱ्यात घेऊन हळूच, "वेग आहे हे कळलं. बास झालं. आता सोफा परत चढवा."

सोमवारी ऑर्डर गेली नाही. मालकांनी जन्मात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्यांत बघून एक पूर्ण वाक्य उच्चारलं: "जावईबापू, तुमचं टेबल आपण रंगाच्या खोलीत लावू." रंगारी आठवडाभर कुरकुरत होता, साहेबांना वासानं शिंका येतात आणि हात हलतो, असं त्याचं म्हणणं. जावयानं मात्र 'भारवाढ आणि वेग: एक निरीक्षण' असा चार पानी अहवाल लिहिला. त्यात निरीक्षण करणारा एकच होता, आणि त्याला शिलाई येत नव्हती.

त्याच आठवड्यात एका दुपारी खड्ड्यासमोर दोन पावलं आली. टाचणीनं ती ओळखली नाही, कारण त्यांवर बूट नव्हते. मोजे होते, भारीतले, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"मावशी," वरून आवाज आला, "डॉक्टरांनी सगळं सामान परत भरलंय. सपाट शिडानं आता ती हलायचीच नाही. पोटाळं एक शिवून द्याल?"

"जुन्याचं काय?"

"ते... तुमच्याकडेच ठेवा. जपून. उद्या कुणाला खरंच पळायचं असलं तर."

टाचणीनं त्या अंगठ्याकडे बघितलं. तो खाली-वर होत होता, काय करावं न सुचून.

"सहा आठवडे लागतील," ती म्हणाली. "आणि मोजा काढा तो."

"अं?"

"काढा हो. दोन टाके घालते. सासूबाईंच्या नजरेला पडला तर नवे बारा जोड घेऊन देतील, आणि तुम्ही काही 'नाही' म्हणायचे नाही."

नवं शीड तयार झालं तेव्हा शिवणाऱ्याची खूण करायच्या कोपऱ्यात तिनं शाईनं एकच शब्द लिहिला: 'सामानासह'. डॉक्टरांना तो फार आवडला. बोटीचं नाव तेच ठेवावं का, असं ते विचारत होते.